खेळण्यांचा सिनेमा पोराला दाखवायचा का? तिकीट काढण्याआधी कसं तपासावं

आमच्या धाकट्याकडे दोन यंत्रमानव होते. एक लाल, एक राखाडी. गणपतीच्या खरेदीला सांगलीच्या मारुती रोडला गेलो तेव्हा हट्ट करून घेतलेले. दुमडले की ट्रक, उलगडले की माणूस. दोघं जिवाभावाचे दोस्त. रात्री एकाच उशीवर झोपायचे, सकाळी चपातीचा एक तुकडा दोघांत वाटला जायचा. मग त्या खेळण्यांवरचा सिनेमा आला आणि आम्ही सगळे गेलो. पोरगं तेव्हा साडेचार वर्षांचं. स्फोट झाले, शहरं कोसळली, खुर्च्या हादरल्या, हा मजेत पॉपकॉर्न खात होता. शेवटाकडे एका दोस्तानं दुसऱ्याचा हात सोडला आणि तो खोल खाली गेला. त्या क्षणी माझ्या दंडात पाच नखं रुतली. घरी आल्यावर राखाडी यंत्रमानव फ्रिजमागे टाकला गेला.

मी काहीच न बघता गेले होते असं नाही. मारामारी किती आहे, रक्त दिसतं का, शिव्या आहेत का, हे सगळं चार जणांना विचारलं होतं. पण तपासायची जागाच चुकली होती. खेळण्यांवरच्या सिनेमात पडद्यावर जो मरतो किंवा उलटतो, तो आपल्या पोराच्या अंथरुणात असतो. इतर कुठल्याही कार्टूनपेक्षा हा प्रकार वेगळा आहे, आणि म्हणून त्याची पारखही थोडी वेगळी करावी लागते. तेव्हापासून मी ती कशी करते, ते इथे लिहिते आहे.

सिनेमा नंतर, आधी पोर

स्वतःला एकच प्रश्न विचारा. आपलं पोर यातल्या कुठल्या खेळण्याशी बोलतं? खेळणं घरात आहे याला फार अर्थ नाही. आमच्या थोरलीकडेही तसलीच चार खेळणी कपाटात उभी आहेत. ती त्यांची किंमत सांगेल, कुणाचा हात तुटलाय ते सांगेल, संपलं. धाकटा त्याच्या लालूला बादलीत अंघोळ घालतो आणि स्वतःला ताप आला की त्याच्याही कपाळावर मिठाच्या पाण्याची पट्टी ठेवतो. एकाच घरातल्या या दोन मुलांसाठी सिनेमा एकच असला तरी उत्तर एक असणार नाही.

मग वय. जोआन कँटर या अमेरिकन अभ्यासक बाईंनी मुलं आणि पडद्यावरची भीती या विषयावर वर्षानुवर्षं काम केलं. त्यांच्या कामातून निघालेली ढोबळ गोष्ट अशी: साधारण सात वर्षांच्या अलीकडचं मूल जे *दिसतं* त्याला घाबरतं, पलीकडचं मूल जे *होऊ शकेल* त्याला. लहानग्याला विद्रूप तोंड, लाल डोळे, अचानक मोठं झालेलं अंग याची भीती. आठ-नऊच्या मुलाला ‘आपल्या घराचं असं झालं तर’ याची. हल्कची टीव्ही मालिका अमेरिकेत चालू होती तेव्हा बालवाडीच्या वयाची कितीतरी मुलं त्याला घाबरायची. खरं तर हल्क लोकांना वाचवणारा. पण साध्या माणसाचा डोळ्यांदेखत हिरवा राक्षस होतो, हे रूप पालटणंच त्या वयाला झेपत नव्हतं.

आता रूप पालटणं हाच ज्यांचा धंदा, अशा यंत्रमानवांच्या सिनेमाला हे किती लागू पडतं ते बघा. माझा अनुभव असा, की ज्या मुलानं ते खेळणं स्वतःच्या हातांनी शंभर वेळा दुमडलं-उलगडलं आहे त्याला पडद्यावरचं रूपांतर मुळीच भीतीचं वाटत नाही, उलट ‘आता खांदा फिरणार’ म्हणून तो आधीच सांगतो. भीती वाटते ती सोबत आणलेल्या, खेळणं नसलेल्या मावसभावाला. त्यामुळे गटानं जाणार असाल तर प्रत्येक पोराचा वेगळा विचार करा.

सात हा आकडा म्हणजे दगडावरची रेघ नव्हे. आपलं पोर नागपंचमीला शिराळ्याच्या नागांच्या गोष्टी ऐकून झोपतं की उठून बसतं, हे आपल्याला कुठल्याही अभ्यासकापेक्षा जास्त माहीत असतं.

प्रमाणपत्र वाचा, पण त्यावर झोपू नका

आपल्याकडे सिनेमाला सेन्सॉर बोर्डाचं प्रमाणपत्र लागतं, १९५२ च्या कायद्यानं. ‘यू’ म्हणजे सगळ्यांना चालेल, ‘ए’ म्हणजे अठराच्या आतल्यांना थिएटरात प्रवेशच नाही. गोंधळ होतो तो मधल्या ‘यूए’त. पूर्वी तो एकच होता आणि बाराच्या आतल्या मुलांना पालकांनी आपल्या जबाबदारीवर न्यावं एवढंच सांगायचा. २०२३ मध्ये कायद्यात दुरुस्ती झाली आणि त्याचे तीन भाग पडले: ‘यूए ७+’, ‘यूए १३+’ आणि ‘यूए १६+’. त्यामुळे जुन्या सिनेमावर नुसतं ‘यूए’ दिसेल, नव्यावर आकड्यासकट.

यातली मेख अशी, की हे आकडे सल्ल्याचे आहेत. ‘यूए ७+’च्या सिनेमाला चार वर्षांचं मूल कडेवर घेऊन गेलात तर दारावरचा माणूस अडवणार नाही. ‘आत सोडलं म्हणजे चालतं’ हा अर्थ कृपा करून काढू नका. मी काढला होता.

नेटवर शोधताना अमेरिकेचं ‘पीजी’, म्हणजे ‘पालकांच्या सल्ल्यानं’, हे प्रमाणपत्र आधी समोर येतं. ते वेगळ्या देशाचं, वेगळ्या मंडळाचं आहे. आपल्या आकड्याशी त्याची सरळ अदलाबदल होत नाही. पण त्याच्याखाली एका ओळीत कारण दिलेलं असतं, ते उपयोगी. २०२४ च्या ‘ट्रान्सफॉर्मर्स वन’ या यंत्रमानवांच्या सिनेमाला तिथे पीजी मिळालं. कारण दिलं होतं सिनेमाभर असलेली विज्ञानकथेतली हिंसा, अ‍ॅनिमेशनमधली मारामारी आणि भाषा. २०१४ च्या ‘द लेगो मूव्ही’लाही पीजीच. आता दोन्ही पाहिलेल्या कुणालाही विचारा. लेगोच्या सिनेमात सगळं तुटतं आणि पुन्हा जुळतं, कारण ते ठोकळेच आहेत आणि पोरांना ते पक्कं ठाऊक असतं. दुसऱ्या सिनेमात दोन जिवलग मित्र शेवटी एकमेकांचे हाडवैरी होतात, ते काही जुळत नाही. अक्षरं तीच, पण घरी घेऊन यायचं ओझं निराळं. मैत्री तुटते, याचं कारण कुठल्याच प्रमाणपत्रावर लिहिलेलं नसतं.

आणखी एक. यंत्रमानवाला रक्त नसतं. म्हणून पडद्यावर त्याचं जे केलं जातं ते माणसाचं केलेलं दाखवता येणारच नाही. ‘ट्रान्सफॉर्मर्स वन’मध्ये एका खलनायकाचे दोन तुकडे होतात. माणसाचे केले असते तर सिनेमा थेट मोठ्यांच्या रांगेत गेला असता. धातूचे असले म्हणून चालून गेलं. तपासताना मनातल्या मनात धातूच्या जागी माणूस ठेवून बघा, आणि मग ठरवा की तुमचं पोर यातलं काय बघणार आहे: पत्रा की माणूस? जे पोर लालूला अंघोळ घालतं, त्याला पत्रा दिसत नाही.

दुकानातून कोण जाणार आहे, ते शोधा

ही पायरी मला फार उशिरा कळली, आणि सगळ्यात कामाची हीच आहे.

आपण सांगलीकर नाटकवेडे. विष्णुदास भाव्यांनी १८४३ मध्ये इथेच, पटवर्धन संस्थानिकांच्या आश्रयानं ‘सीता स्वयंवर’ उभं केलं. त्यांनी लाकडी बाहुल्याही घडवल्या. म्हणजे क्रम असा: आधी गोष्ट, मग नाटक आणि बाहुल्या. खेळण्यांच्या सिनेमात हा क्रम बरोबर उलटा. आधी बाहुली कारखान्यातून निघते, मग तिला नाव मिळतं, मग गोष्ट, मग सिनेमा. यंत्रमानवांची ही प्रसिद्ध खेळणी मुळात जपानच्या टाकारा कंपनीची. अमेरिकेच्या हॅस्ब्रोनं ती घेतली आणि १९८४ मध्ये ‘ट्रान्सफॉर्मर्स’ या नव्या नावानं बाजारात आणली. कोण चांगला, कोण वाईट, कुणाचं कुणाशी वैर, हे सगळं खेळणी हातात आल्यावर रचलं गेलं. त्याच सुमारास अमेरिकेत मुलांच्या टीव्हीवरचे जाहिरातींचे निर्बंध सैल झाले होते, त्यामुळे खेळण्याची मालिका म्हणजे जवळजवळ रोजची जाहिरात, असा काळ आला.

मग १९८६ चा अ‍ॅनिमेशनपट. दोन वर्षं ज्याला मुलांनी घराघरांत मिरवलं तो नायक, ऑप्टिमस प्राइम, त्यात मरतो. अर्ध्या सिनेमाच्याही आधी. त्याचे डोळे विझतात आणि अंगावरचा लाल-निळा रंग जाऊन तो राखेसारखा होतो. त्याच्याही आधी त्याचे जुने साथीदार पटापट पडतात. अमेरिकेतल्या थिएटरांत लहान पोरं ढसाढसा रडली. कारण काय, तर जुन्या खेळण्यांची पाळी संपली होती आणि त्यांच्या जागी नवी यायची होती. गंमत बघा, त्याच कंपनीच्या जी. आय. जो या सैनिक-खेळण्यांवरचा सिनेमा पाठोपाठ तयार होत होता. त्यातही एक लाडका नायक मरणार होता. आधीचा गदारोळ बघून १९८७ च्या त्या सिनेमात संवाद बदलला आणि तो मेला नाही, बेशुद्ध आहे, अशी सारवासारव झाली.

तेव्हा सिनेमाला जाण्याआधी हे बघा, की ही खेळणी बाजारात जुनी झाली आहेत का, आणि सिनेमाबरोबर नवा संच येतो आहे का. येत असेल तर जुन्या माणसांचं काही खरं नाही. हरभट रोडवरच्या दुकानात जाऊन ‘यातलं नवीन काय येतंय’ एवढं विचारलं तरी पुरतं; दुकानदाराला सिनेमाची कथा माहीत नसेल, पण कुठला माल उठणार आणि कुठला पडून राहणार हे तो बरोबर सांगतो.

शेवट आधी जाणून घ्या

‘कथा फोडू नका’ हा नियम मोठ्यांच्या रहस्यपटांसाठी ठीक आहे. आई-बापांनी तो गुंडाळून ठेवावा. पूर्ण कथा वाचा, शेवटासकट. विकिपीडियावर कथानक असतं. आयएमडीबी या सिनेमांची माहिती देणाऱ्या संकेतस्थळावर प्रत्येक सिनेमाला पालकांसाठी वेगळा विभाग असतो, त्यात हिंसा, भाषा, व्यसनं वगैरे रकाने असतात. सगळ्यात खाली ‘भीतीदायक प्रसंग’ असा रकाना असतो, तो आधी वाचा. कॉमन सेन्स मीडिया या संस्थेच्या पानावर वयाचा आकडा असतो. तो आकडा अमेरिकन घरांचा अंदाज आहे, पण खाली जे प्रसंग लिहिलेले असतात ते कामाचे.

वाचताना मी एका कागदावर एवढंच टिपते: कोण मरतं. परत येतं का. कोण कुणाला फसवतं. आई-बाप किंवा गुरू हरवतात का. चेहरा पुसला जातो का. हा शेवटचा मुद्दा विचित्र वाटेल, पण लेगोच्या त्या हसऱ्या-खेळत्या सिनेमातही एका पात्राच्या डोक्याची एक बाजू, म्हणजे त्याचा चांगुलपणाचा चेहरा, पुसून कोरा केला जातो, आणि माझ्या ओळखीतल्या एका पाच वर्षांच्या मुलीला सगळ्या सिनेमात तेवढंच आठवतं.

कुणी मरून परत येत असेल तर मध्ये किती वेळ जातो तेही बघा. मोठ्यांना पाच मिनिटं म्हणजे काहीच नाही. मांडीवर हुंदके देणाऱ्या पोराला ती पाच मिनिटं म्हणजे एक जत्रा संपून घरी यायचा वेळ.

आणि शेवट कळला, तो चांगला असला, की पोरालाही सांगून टाका. ‘मजा जाईल’ म्हणून थांबू नका. भाव्यांच्या काळी राक्षस आरोळ्या ठोकत, तलवारी फिरवत रंगमंचावर यायचे. त्या आरोळीवरून अशा नाटकांना ‘अललडुर्र’ असं नावच पडलं. पोरंसोरं त्या राक्षसांना घाबरतही असतील आणि खिदळतही असतील, कारण शेवटी धनुष्य कोण मोडणार हे घरात आजीनं आधीच सांगून ठेवलेलं. सिनेमाच्या यंत्रमानवाची गोष्ट आजीला माहीत नसते. मग ते काम आपल्याकडे येतं. फक्त एवढं जपा: ‘तो पडतो, पण मग नवा होऊन उठतो’ हे सांगा. ‘खूप भीती वाटेल हं, डोळे मिट’ असं सांगू नका. त्यानं पोर घरापासूनच डोळे मिटून येतं.

ट्रेलर दोनदा बघा

एकदा आवाज बंद करून, एकदा फोन उपडा ठेवून नुसता ऐकून. आवाज बंद असताना कळतं की चेहरे किती भेसूर आहेत आणि कट किती वेगानं पडतात. नुसतं ऐकताना कळतं की धडाम-धुडूम किती आहे. लहान मुलांची भीती अर्धी कानातून आत जाते. बाकी ट्रेलर म्हणजे लग्नाआधीचा फोटो. त्यात विनोद असतात, मरणं नसतात. त्यावर निर्णय घेऊ नका.

कुठल्या भाषेत लागलाय?

हा आपल्या सांगली-मिरजेकडचा खास प्रश्न, आणि बाहेरच्या कुठल्याच मार्गदर्शकात तो सापडणार नाही. परदेशी अ‍ॅनिमेशनपट आपल्याकडे बहुतेक इंग्रजीत नाहीतर हिंदीत डब होऊन लागतात. मराठीत क्वचित. बालवाडीतल्या मराठी घरातल्या पोराला इंग्रजी संवाद डोक्यावरून जातात. मग त्याच्यासाठी सिनेमातून काय उरतं? फक्त मारामारी. कारण भीतीला उतारा म्हणून घातलेले टोमणे, ‘घाबरू नकोस, मी आहे’ म्हणणारे मित्र, भांडण का झालं याचा खुलासा, सगळं संवादात असतं. संवाद काढून घेतले तर राहतात जळणारी शहरं आणि ओरडणारी तोंडं. एकच सिनेमा इंग्रजीतून पाहिलेल्या पोराला जास्त हिंसक वाटू शकतो.

म्हणून सहा-सात वर्षांपर्यंतच्या मुलाला हिंदी खेळ असेल तर हिंदीच निवडा, मग तुम्हाला डबिंग कितीही उथळ वाटो. आणि हिंदीही कच्ची असेल, जी आमच्याकडे होतीच, तर शेजारी बसून कानात मराठीत सांगत राहायची तयारी ठेवा. पुढच्या खुर्चीवरचे काका वळून बघतील. बघू देत.

आवाज, उजेड आणि वेळ

अ‍ॅक्शन अ‍ॅनिमेशनमध्ये प्रकाशाचे झगमगाट फार. जपानमध्ये १६ डिसेंबर १९९७ ला पोकेमॉनच्या एका भागात लाल-निळा उजेड सेकंदाला बारा वेळा या वेगानं काही सेकंद लुकलुकला, आणि सुमारे ६८५ प्रेक्षकांना, बहुतेक मुलांना, रुग्णवाहिकेतून दवाखान्यात न्यावं लागलं. त्यानंतर नियम कडक झाले. तरी घरात कुणाला फिट येण्याचा त्रास असेल तर आधी डॉक्टरांना विचारा, आणि अशा पोराला पहिल्या रांगांत मुळीच बसवू नका.

आवाजाचं सोपं माप असं: हातभर अंतरावरच्या माणसाशी ओरडून बोलावं लागत असेल तर तो आवाज लहान कानांना जास्त आहे. भिंतींवरच्या स्पीकरपासून लांब, मागची आणि मधली जागा घ्या. शिवाय कडेची हवी, म्हणजे उठता येतं. दोन्ही एकदम जमत नसेल तर मी कड निवडते.

वेळेचं म्हणाल तर भारतातल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेनं २०२१ मध्ये दोन ते पाच वयाला दिवसाला एका तासापेक्षा जास्त पडदा नको असं सांगितलं. असा सिनेमा साधारण पावणेदोन तासांचा. महिन्या-दोन महिन्यांतून एखाद्या दिवशी हा नियम मोडला म्हणून आभाळ कोसळत नाही, पण त्या दिवशी मोबाईल पूर्ण बंद, आणि रात्रीचा खेळ नको. अकरा-बाराचा खेळ बरा. बाहेर येताना डोळ्यांवर ऊन पडतं, पोराला भूक लागते, आणि झोपेपर्यंत आठ-नऊ तास मिळतात, तेवढ्यात डोक्यातला धुरळा बसतो.

दुकानाचा प्रश्न घरातच सोडवा

सिनेमा संपला की दुसरा खेळ सुरू होतो, तो दुकानात. आठ वर्षांच्या आतल्या मुलांना जाहिरात आपल्याला काहीतरी विकू पाहते आहे हेच नीट कळत नाही, असं अमेरिकेतल्या मानसशास्त्रज्ञांच्या संघटनेच्या गटानं २००४ मध्ये सांगितलं होतं. साधी जाहिरात निदान तीस सेकंदांत संपते. इथे जाहिरात पावणेदोन तासांची, आणि तिच्यात रडू येतं. पोराला ती जाहिरात आहे असं समजावत बसू नका, ते त्याच्या वयाला कळणार नाही.

त्याऐवजी निघण्याआधीच, चपला घालताना, ठरवून सांगा: ‘आज सिनेमा आहे, खेळणं नाही. खेळणं वाढदिवसाला.’ एकदाच, शांतपणे. थिएटरच्या दारात पहिल्यांदा सांगितलंत तर तो नियम राहत नाही, भांडण होतं. आणि गणपतीत रस्त्याकडेच्या गाड्यांवर मिळणाऱ्या नकली यंत्रमानवांवर तह करू नका. त्यांचे सांधे दुसऱ्या दिवशी हातात येतात, आणि मग पडद्यावर मेलेला घरीही मरतो.

थिएटरात

मध्यंतर ही आपल्याकडची देणगी आहे. अमेरिकेतल्या पालकांना ती नसते. सिनेमाची खरी लढाई बहुतेकदा उत्तरार्धात, शेवटच्या अर्ध्या तासात असते, त्यामुळे मध्यंतर म्हणजे घाटाआधीचं शेवटचं गाव. तिथे थांबून विचारा. पण ‘भीती वाटते का?’ असं नको. त्याला सगळी पोरं ‘नाही’ म्हणतात, विशेषतः शेजारी मोठी बहीण असेल तर. ‘आता पुढे काय होईल असं तुला वाटतं?’ असं विचारा. उत्तरात गोष्ट असेल तर बसा. उत्तर नसेल, पोर कान धरून बसलं असेल, किंवा तिसऱ्यांदा लघवीला जायचं म्हणत असेल, तर पिशवी उचला. तिकिटाचे पैसे गेले म्हणून बसवून ठेवणं हा आपला मध्यमवर्गी आजार. मीही त्याची रोगी. भडंग खायला बाहेर पडलं तर तेही वसूल होतात.

घरी टीव्हीवर बघणार असाल तर काम सोपं आहे, रिमोट हातात असतो. पण एक ध्यानात ठेवा: २०२१ च्या नियमांनुसार ओटीटीवाल्यांना पालकांचं कुलूप ‘१३+’ आणि त्यावरच्या गोष्टींना द्यावंच लागतं, ‘७+’ला तशी सक्ती नाही. ते काम तुमचं. मुलांचं वेगळं प्रोफाइल करा, आणि पुढचा भाग आपोआप सुरू होणं आधी बंद करा.

घरी आल्यावर

पोर घाबरलं असेल तर आपल्या तोंडी पहिलं वाक्य येतं: ‘अरे, खोटं असतं ते.’ आठच्या पुढच्याला त्याचा उपयोग होतो. तो विचारेल कसं बनवतात, मग त्याला दाखवा. पण चार-पाचच्याला खरं-खोटं हा धागाच अजून नीट धरता येत नाही. त्या रात्री धाकटा उशाशी बसून होता आणि मी त्याला संगणकावर चित्रं कशी हलवतात ते सांगत होते. सासूबाई आल्या, म्हणाल्या, ‘अगं, त्याला खोटं आहे म्हणून काय सांगतेस, भूक लागलीय का ते विचार.’ भात-तूप कालवून दिलं, बाहेरचा दिवा चालू ठेवला, मांडीवर घेतलं. झोपला. कँटरबाईंच्या कामाचं सारही याच्या जवळपास जातं: लहान मुलाला शब्दांपेक्षा कुशी, उजेड, ओळखीचा स्पर्श जास्त लागू पडतो.

पुढचे काही दिवस त्याच्या खेळाकडे लक्ष ठेवा, आणि मध्ये पडू नका. मारामारी खेळतोय म्हणून लगेच ओरडू नका. बघितलेलं खेळून टाकणं ही मुलांची पचवायची रीत आहे. काळजी तेव्हा करा, जेव्हा तोच प्रसंग रोज तसाच्या तसा खेळला जातो आणि शेवट काही बदलत नाही, किंवा खेळण्याच्या जागी धाकटी बहीण येते. तसं झालं तर शेजारी बसा आणि दुसऱ्या खेळण्याच्या तोंडून विचारा, ‘मला का सोडलंस रे?’ उत्तराची घाई करू नका. आमच्याकडे पहिल्या दिवशी उत्तर आलं, ‘तो आता वाईट आहे.’ आठ दिवसांनी, ‘त्याला कुणीतरी खोटं सांगितलं होतं.’ सिनेमाचं अख्खं कथानक त्याला तेव्हा कळलं.

झोप दोन-तीन आठवडे बिघडलेलीच राहिली, अंथरूण ओलं व्हायला लागलं, शाळेत जायला नकार आला, तर डॉक्टरांकडे जा. सिनेमा निमित्त असतो, कारण वेगळं निघू शकतं.

दिवाळीच्या साफसफाईत फ्रिज ओढला तेव्हा राखाडी यंत्रमानव सापडला. धुळीनं माखलेला, एक चाक गेलेलं. मी तो गुपचूप टाकून द्यावा का या विचारात होते, तोवर धाकट्यानं तो हातातून घेतला, बनियननं पुसला, आणि लालूच्या कानाशी नेऊन बराच वेळ काहीतरी कुजबुजला. मग मला म्हणाला, ‘लालू म्हणतोय, उशीवर नको. पण खाटेखाली चालेल.’